प्राइडला राजदूत आणि कलाकार बोलावताना

प्राइड म्हणजे लेस्बियन, गे, ट्रान्स अशा आपल्या समुदायाची हक्कांसाठीची पदयात्रा आणि तिच्यासोबतचे कार्यक्रम. आमच्या प्राइड समितीत माझ्या वाट्याला दोन कामं येतात: दूतावासांशी पत्रव्यवहार आणि कलाकारांशी बोलणी. नव्याने उभ्या राहिलेल्या समित्यांमधली मुलंमुली मला विचारत असतात की राजदूताला बोलवायचं कसं, एखादी मोठी गायिका आपल्यासाठी येईल का, पत्रात लिहायचं काय. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहून काढते आहे. मी स्वतः लेस्बियन आहे आणि हे काम माझ्या माणसांसाठी करते. त्यामुळे पाहुण्यांच्या सोयीपेक्षा आपल्या लोकांच्या सोयीचा विचार यात जास्त दिसेल, आणि तो मुद्दाम आहे.

आधी अडचण, मग पाहुणा

पहिल्या बैठकीत नावांची यादी करू नका, अडचणींची करा. पोलिसांकडून परवानगीचं उत्तर येत नाही? सभेला कुणी हॉल देत नाही? गेल्या वेळी पदयात्रेहून परतताना पोरांना मारहाण झाली? ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या, सदस्यांना दवाखान्यात धड वागवत नाहीत? की हे सगळं सुरळीत आहे, पण शेजारीपाजारी आपल्याकडे बघायलाच तयार नाहीत?

प्रत्येक अडचणीला वेगळा माणूस लागतो. परवानगी अडली असेल तर परराष्ट्र खात्यातल्या भेटीत राजदूताने टाकलेला एक शब्द कामी येतो, तिथे गायिकेचा उपयोग नाही. आणि शेजाऱ्यांना घराबाहेर काढून रस्त्याच्या कडेला उभं करायचं असेल, तर राजदूतांच्या सह्यांचं पत्रक कुणी वाचत नाही. त्यांच्या आवडीचा आवाज कानावर पडला की ते आपणहून येतात.

दोन्ही ताकदी एकत्र आल्या की काय होतं, त्याचं उदाहरण २०११ सालच्या रोममधल्या युरोप्राइडचं, म्हणजे युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांत भरणाऱ्या मोठ्या प्राइडचं. ११ जूनला सर्कस मॅक्सिमसच्या मैदानात अमेरिकन गायिका लेडी गागा गायली आणि समान हक्कांवर बोललीही. तिला तिथे आणण्यात अमेरिकेच्या दूतावासाचा वाटा होता. राजदूत डेव्हिड थॉर्न यांनी तिला पत्र लिहून आग्रह केला होता, हे त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी जाहीर भाषणात सांगितलं. मला यातलं ते पत्र फार मोलाचं वाटतं. आपल्यासारख्या समितीचा मेल मोठ्या कलाकाराचा व्यवस्थापक बहुतेक वेळा उघडतही नाही, पण तोच मजकूर दूतावासाच्या सांस्कृतिक विभागाकडून गेला की उत्तर येतं. म्हणून दूतावासाकडे पैसे मागण्याआधी ओळख मागा. ती द्यायला त्यांना सहसा कुठली मंजुरी लागत नाही.

पाहुणे परत गेल्यावर काय?

कुठलाही बेत ठरवताना मी एकच गोष्ट विचारते: हे केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्यातल्या सगळ्यात असुरक्षित माणसाचं काय होईल?

राजनैतिक संबंधांवरचा १९६१ चा व्हिएन्ना करार आहे. त्याच्या कलम २९ नुसार राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही. तुमच्याशेजारी चालणाऱ्या राजदूताला हे कवच आहे, तुम्हाला नाही. २०२५ मध्ये हंगेरीत प्राइडवर बंदी आणणारा कायदा झाला. भाग घेणाऱ्याला दोन लाख फोरिंटपर्यंत दंड आणि माणसं ओळखायला चेहरा टिपणारं तंत्रज्ञान, अशी त्यात तरतूद होती. तीसहून अधिक दूतावासांनी बुडापेस्ट प्राइडला पाठिंबा देणारं संयुक्त निवेदन काढलं. न्यायमंत्र्यांनी दूतावासांना ताकीद देणारं पत्र पाठवलं. तरीही २८ जूनला प्रचंड गर्दी झाली, शहराच्या महापौरांनी तो नगरपालिकेचा कार्यक्रम म्हणून अंगावर घेतला, आणि परदेशी पाहुणेही चालले. पाहुण्यांचा तिथे खरा उपयोग झाला, कारण स्थानिक संयोजकांनी आधी स्वतः ठरवलं होतं की आपण निघणार. पाहुणे त्या निर्णयाच्या मागे उभे राहिले.

याच्या उलटही घडतं. १७ मे २०२० ला बगदादमध्ये युरोपीय संघाच्या आणि काही पाश्चात्त्य देशांच्या कार्यालयांनी आपल्या समुदायाचा इंद्रधनुषी झेंडा लावला. परराष्ट्र मंत्रालयापासून राजकीय आणि धार्मिक नेत्यांपर्यंत चहूकडून निषेध झाला. चर्चा झाली ती परक्या झेंड्याची, तिथल्या माणसांच्या हालअपेष्टांची नाही. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण झेंडा ज्या भिंतीवर लागतो तिच्या आत पहारा असतो, आणि राग निघतो तो भिंतीबाहेरच्यांवर.

कलाकारांचंही तसंच. जुलै २०२३ मध्ये क्वालालंपूरजवळच्या एका संगीत महोत्सवात ब्रिटिश बँडच्या गायकाने मंचावरून तिथल्या समलिंगीविरोधी कायद्यांवर टीका केली आणि आपल्याच बँडमधल्या पुरुष साथीदाराचं चुंबन घेतलं. सरकारने उरलेला महोत्सव रद्द केला. बँड देशाबाहेर निघून गेला. स्थानिक कलाकारांचे कार्यक्रम बुडाले, आणि मलेशियातल्या क्वीअर, म्हणजे लैंगिक अल्पसंख्याक, लोकांपैकी अनेकांनी उघड सांगितलं की यामुळे आमचं जगणं आणखी अवघड झालं. २०१७ मध्ये कैरोत तर कलाकारांनी काहीच केलं नव्हतं. मशरू लैला या लेबनीज बँडच्या कार्यक्रमात प्रेक्षकांपैकी काहींनी इंद्रधनुषी झेंडा उंचावला, त्याचे फोटो पसरले आणि पुढच्या दिवसांत डझनावारी लोकांना अटक झाली. त्यातली सारा हेगाझी तुरुंगात छळ सोसून बाहेर आली, कॅनडात आश्रयाला गेली आणि २०२० मध्ये तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. मी तिचं नाव प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते.

दूतावासात कुणाचं दार ठोठवायचं

राजदूताच्या नावाने पत्र पाठवून वाट बघत बसण्यात महिने जातात. दूतावासात तीन टेबलं आपल्या कामाची. राजकीय विभागात मानवी हक्कांचं काम पाहणारा अधिकारी असतो, तो पहिला. सांस्कृतिक विभाग दुसरा, कलाकार, हॉल, प्रदर्शन यांसाठी. तिसरं टेबल लहान अनुदानांचं. राजदूताला निमंत्रण द्यायचंच, पण या तिघांपैकी एकाशी बोलून झाल्यावर, म्हणजे ते पत्र वर पोचतं तेव्हा त्याच्यासोबत एका माणसाची शिफारस असते.

आणखी एक माणूस आहे, त्याला कुणी मोजत नाही. दूतावासात स्थानिक नोकरवर्ग असतो. परदेशी अधिकारी तीन-चार वर्षांत बदलून जातात, हे लोक वीस-वीस वर्षं त्याच खुर्चीत असतात. कुठल्या राजदूताने काय केलं, कुठली फाइल कुठे अडते, कुणाला काय चालत नाही, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याशी नातं ठेवा. त्यांच्यातले काही आपल्यापैकी असतात आणि कार्यालयात ते कुणालाच सांगत नाहीत. म्हणून बोलताना डोळ्यांत तेल घालून जपा, त्यांचं नाव कुठल्याही ईमेलच्या यादीत दिसू देऊ नका.

कुठल्या देशांकडे जायचं? जुलै २०१६ मध्ये माँटेव्हिडिओत ‘इक्वल राइट्स कोअलिशन’ नावाची देशांची आघाडी स्थापन झाली. उरुग्वे आणि नेदरलँड्स तिचे पहिले सहअध्यक्ष होते, आता चाळीसहून अधिक देश तिच्यात आहेत. त्या यादीतल्या देशाला तुम्ही सरळ लिहू शकता की आपल्या सरकारने हा शब्द दिलेला आहे. युरोपीय संघाने २०१३ मध्ये आपल्या परदेशातल्या कार्यालयांसाठी एलजीबीटीआय (समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स आणि आंतरलिंगी) लोकांच्या हक्कांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचाही आधार घ्या. यादीत उरुग्वे, चिली, कोस्टा रिका हेही देश आहेत, त्यांना विसरू नका. मंचावर फक्त श्रीमंत देशांचे राजदूत दिसले की विरोधकांना "हे परदेशी खूळ आहे" म्हणायला आयतंच कोलीत मिळतं. लॅटिन अमेरिकेतल्या देशाचा राजदूत शेजारी उभा असला की त्या आरोपातली हवाच जाते.

एकाच देशावर सगळी भिस्त मात्र टाकू नका. अमेरिकेचे दूतावास अनेक ठिकाणी प्राइडचे मोठे पाठीराखे होते. जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदललं, दूतावासांवर इंद्रधनुषी झेंड्याला जागा उरली नाही आणि परदेशी मदतही थांबवली गेली. ज्या संस्थांचं पाऊण अंदाजपत्रक त्या एका खिडकीतून येत होतं, त्यांना कर्मचारी कमी करावे लागले.

पत्र

पत्र एका पानाचं. आपल्या संस्थेचा इतिहास दोन ओळींत उरका. मी साधारण असं लिहिते:

"आमची पदयात्रा अमुक तारखेला, अमुक मार्गाने निघणार आहे. परवानगीचा अर्ज अमुक तारखेला दिला असून अजून उत्तर आलेलं नाही. आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. एक, आपल्या भेटीगाठींमध्ये या अर्जाचा विषय काढावा. दोन, पदयात्रेच्या दिवशी आपला एक अधिकारी निरीक्षक म्हणून आमच्याबरोबर असावा. तीन, या विषयावर आपण काही जाहीर करणार असाल तर मजकूर आधी आम्हाला दाखवावा. आमच्याशी बोलल्याशिवाय कृपया झेंडा लावू नये, निवेदन काढू नये."

शेवटचं वाक्य लिहायला नवे लोक घाबरतात. वाटतं, इतक्या मोठ्या माणसाला असं कसं सांगायचं? सांगायचं. चांगला अधिकारी त्याबद्दल आभार मानतो, कारण त्यालाही चूक करायची नसते.

कधी उत्तर येतं की हा आपल्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे आणि व्हिएन्ना कराराच्या कलम ४१ नुसार आम्हाला हस्तक्षेप करता येत नाही. कलम खरंच आहे. पण १९९३ च्या जागतिक मानवी हक्क परिषदेचा जाहीरनामाही व्हिएन्नाचाच, आणि सर्व मानवी हक्कांचं रक्षण हा आंतरराष्ट्रीय समुदायाच्या रास्त काळजीचा विषय आहे असं तो म्हणतो. त्याच्या चौथ्या परिच्छेदाचा उल्लेख नम्रपणे करा, आणि सोबत लहान मागणी ठेवा: जाहीर काही नको, फक्त निरीक्षक पाठवा. निरीक्षकाला घोषणा द्याव्या लागत नाहीत. तो नुसता उभा असला तरी पोलिसांच्या वागण्यात फरक पडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पत्र पाठवताना दिनदर्शिका समोर ठेवा. १७ मे हा समलिंगीद्वेष आणि ट्रान्सद्वेषविरोधी दिवस. १९९० मध्ये याच तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याला वाटतं की त्या दिवशी नॉर्वेचा राजदूत हवा, पण १७ मे नॉर्वेचा राष्ट्रीय दिन आहे, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. इटलीचा २ जून, डेन्मार्कचा ५ जून, स्वीडनचा ६ जून, कॅनडाचा १ जुलै, फ्रान्सचा १४ जुलै. प्राइडच्या मोसमात निम्मे दूतावास स्वतःच्या समारंभात गुंतलेले असतात. म्हणून फेब्रुवारीतच लिहा. आणि या समारंभांचा फायदा घ्या: आमच्या दोन प्रतिनिधींना तुमच्या राष्ट्रीय दिनाचं निमंत्रण द्या, असं सुचवा. तिथे पोलीस आयुक्त, मंत्री, न्यायमूर्ती, संपादक हातात पेला घेऊन मोकळे उभे असतात. जी भेट कार्यालयातून कधीच मिळत नाही, ती तिथे पाच मिनिटांत होते.

संयुक्त निवेदन

सप्टेंबर २०२० मध्ये पोलंडमध्ये पन्नास राजदूत आणि आंतरराष्ट्रीय प्रतिनिधींनी एलजीबीटीआय समुदायाच्या बाजूने खुलं पत्र काढलं. तिथल्या काही स्थानिक सभागृहांनी "एलजीबीटी विचारसरणीमुक्त" असल्याचे ठराव केले होते, तोच हा काळ. जुळवाजुळव बेल्जियमच्या दूतावासाने केली. त्यातून शिकण्यासारखं हे की पन्नास दारांवर तुम्ही जायचं नसतं. एक दूतावास पकडा, तो बाकीच्यांशी बोलेल. सह्या नेहमी देशांच्या नावांच्या अकारविल्हे क्रमाने घ्या. राजदूतांमध्ये ज्येष्ठता ठरते ती तिथे रुजू झाल्याच्या तारखेवरून, व्हिएन्ना करारातच कलम १६ मध्ये ते आहे, आणि त्या भानगडीत आपण पडलो तर मजकुरापेक्षा क्रमावरच आठवडा जातो.

मसुद्यात तिथल्या कायद्याला, संविधानाला, स्थानिक संस्थांच्या कामाला जागा हवी. "आम्ही शिकवतो" असा सूर असलेलं एकही वाक्य राहू देऊ नका.

राजदूताच्या घरचं स्वागत, आणि फाटक

हा भाग नीट वाचा, कारण इथेच आपली माणसं दुखावतात.

राजदूत मोठ्या मनाने आपल्या निवासस्थानी समुदायासाठी संध्याकाळ ठेवतात. निमंत्रणात लिहिलेलं असतं, ओळखपत्र आणावं. फाटकावर खासगी सुरक्षा कंपनीचा पहारेकरी यादी घेऊन उभा. आता आपली एक ट्रान्स मैत्रीण साडी नेसून, छान तयार होऊन येते. यादीत तिचं नाव आहे, ते ज्या नावाने आम्ही तिला हाक मारतो ते. ओळखपत्रावर जुनं नाव, जुना फोटो. पहारेकरी कागदाकडे बघतो, तिच्याकडे बघतो, जुनं नाव मोठ्याने वाचतो. मागे रांग. आत दिवे लागलेले, समानतेवर भाषण सुरू व्हायचं, आणि फाटकावर तिला सगळ्यांसमोर खुलासा करावा लागतोय.

हे टाळता येतं, आणि त्याला फारसं काही लागत नाही. यादी दोन रकान्यांची करा: एकात हाकेचं नाव, दुसऱ्यात ओळखपत्रावरचं. दुसरा रकाना फक्त सुरक्षाप्रमुखाकडे, बंद पाकिटात, आणि कार्यक्रमानंतर तो कागद फाडायचा हे आधी ठरवून. फाटकावर ओळखपत्र मुकाट्याने पाहायचं, नाव घ्यायचं ते पहिल्या रकान्यातलं. आदल्या दिवशी समितीतला कुणीतरी जाऊन पहारेकऱ्यांना भेटून येतो, त्यांच्याशी चहा घेत बोलतो. झडती असेल तर कुणाकडून करून घ्यायची हे ज्याचं त्याला विचारायचं. कार्यक्रमाच्या वेळी आपला एक स्वयंसेवक फाटकाच्या बाहेरच्या बाजूला शेवटपर्यंत उभा राहतो. आत कुठलं स्वच्छतागृह कुणासाठी, याच्या पाट्या काढून टाकायला सांगा. एवढं केल्यावर पहारेकरी स्वतःहून "या ताई" म्हणत दार उघडताना मी पाहिला आहे, आणि त्या संध्याकाळी झालेल्या कुठल्याही भाषणापेक्षा ते मला जास्त आवडलं.

राजदूताचं भाषण तीन मिनिटांचं. त्यांचा सहायक मसुदा पाठवतो तेव्हा मी दोन गोष्टी बघते: त्यांच्या स्वतःच्या देशाने हे हक्क किती उशिरा दिले याचा प्रामाणिक उल्लेख आहे का, आणि आपल्या लोकांच्या कामाची नेमकी नोंद आहे का. ब्रिटनने पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांवरचा गुन्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ मध्ये हटवला, स्कॉटलंडमध्ये १९८० मध्ये, आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९८२ मध्ये. ब्रिटिश राजदूताने हे मंचावरून सांगितलं की ऐकणाऱ्याला त्यात आपलाही रस्ता दिसतो.

पदयात्रेत सगळ्यात पुढचा फलक स्थानिक लोकांच्या हातात. राजदूत मधे, किंवा ज्या गटाला मार खाण्याची भीती जास्त त्याच्या शेजारी. फोटोग्राफर पुढे धावतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या रांगेतले चेहरेच छापून येतात, म्हणून ही रांग आदल्या रात्री नावांनिशी ठरवा.

कलाकार

इथे मोठ्या नावांपासून सुरुवात करू नका. आपल्यातच गाणारे, नाचणारे, चित्रं काढणारे, ड्रॅग करणारे (म्हणजे दुसऱ्या लिंगाचा झगमगता वेश करून मंचावर कला सादर करणारे) लोक आहेत, ते वर्षभर आपल्या सभांना फुकट वाजवतात. त्यांना पहिल्यांदा बोलवा, आणि मानधन द्या. "तुझी ओळख होईल" हे वाक्य मी समितीत कुणाला उच्चारू देत नाही. दूतावास कार्यक्रम करत असेल तर अंदाजपत्रकात कलाकारांच्या मानधनाची वेगळी ओळ हवी, आणि अर्धी रक्कम आधी. कपडे बदलायला कडी लागणारी खोली, मोठा आरसा, परतीचं वाहन. ड्रॅग कलाकाराला रात्री साजशृंगारात एकट्याने घरी जायला लावणं म्हणजे तिला धोक्यात ढकलणं आहे. वाहनाची सोय झाली नसेल तर मी कार्यक्रम जाहीरच करत नाही.

प्रसिद्ध कलाकार यायला तयार झाला तर त्याच्याशी तासभर समोरासमोर बोला. व्यवस्थापकाशी झालेलं बोलणं पुरत नाही. मी तीन गोष्टी ठरवून घेते. मंचावरून कुठल्या विषयावर बोलायचं आणि कुठल्या नाही. प्रेक्षकांतल्या कुणालाही वर बोलवायचं नाही, कुणाची ओळख जाहीर होईल असं काही विचारायचं नाही. "इथे कोण कोण अजून घरी सांगू शकलेलं नाही, हात वर करा" असं प्रेमाने विचारणाराही माणूस भेटतो, त्याला थांबवावंच लागतं. आणि तिसरं, विरोध झालाच तर काय बोलायचं. पाठिंबा जाहीर झाल्याबरोबर कलाकाराच्या पानावर घाणेरड्या प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. त्यांच्यासाठी तो नवा अनुभव असतो. त्या पहिल्या दोन दिवसांत त्यांना एकटं सोडू नका, आपल्या लोकांना त्यांच्या बाजूने लिहायला सांगा. भक्कम साथ मिळालेला कलाकार पुढच्या वर्षी दुसऱ्या दोघांना घेऊन येतो.

मोठ्या कलाकारासमोर आपले कलाकार झाकोळून जाऊ नयेत. आधी त्यांचं, शेवटी पाहुण्याचं, असा सरधोपट क्रम लावला की आपल्या लोकांच्या वेळी मैदान रिकामं राहतं. त्याऐवजी पाहुण्याला आपल्यातल्या एकीबरोबर एक गाणं म्हणायला सांगा. तालीम आदल्या दिवशी. ते एक गाणं त्या मुलीच्या आयुष्यात किती वर्षं पुरतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

गाण्याशिवायही कला आहे, आणि तिला मंच लागत नाही. आज जगभर जो झेंडा आपण घेऊन फिरतो तो १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी हाताने कापड रंगवून, शिवून केला. पहिल्यात आठ पट्टे होते. गडद गुलाबी कापड सहज मिळेना म्हणून तो रंग गेला, पुढे फिरोजीही गेला आणि सहा उरले. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर एड्सने गेलेल्या माणसांच्या नावांची गोधडी अंथरली होती. १,९२० तुकडे, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका थडग्याएवढा. मित्रांनी, आयांनी, जोडीदारांनी तो एकेक तुकडा शिवला होता.

असं काम ज्यांना पदयात्रेत चालता येत नाही त्यांनाही करता येतं. एखाद्या चित्रकाराला किंवा शिल्पकाराला महिनाभर आधी बोलवा, कापड आणि रंग द्या, आणि घरी बसून काम करू शकणाऱ्यांची यादी त्याच्या हातात द्या. कुणी कॉलरवर नाव भरतं, कुणी न पाठवलेल्या पत्राची ओळ. प्रदर्शनाला दूतावासाचं सांस्कृतिक केंद्र मिळालं तर उत्तम, तिथे विमा, पहारा आणि छप्पर तिन्ही असतं. काम कुणाच्या मालकीचं राहील हे लिहून घ्या. दूतावास हलला, केंद्र बंद झालं, तरी ते कापड समुदायाकडे परत यायला हवं.

फोटो आणि पैसे

फोटोचा नियम एकच, पण तो कडक: ज्याने होकाराची फीत लावली आहे त्याचाच चेहरा. होकाराची फीत ठेवा, नकाराची नको, कारण नकाराची फीत लावणारा माणूस त्या फितीमुळेच उठून दिसतो. दूतावासाचा माध्यम अधिकारी आणि कलाकाराचा समाजमाध्यमं सांभाळणारा, दोघांनाही हे आधी लेखी द्या. त्यांच्या उत्साहात गर्दीचा एक फोटो जातो आणि कुणाच्या तरी घरी तो पोचतो.

पैशांचं थोडक्यात. कॅनडाचा ‘कॅनडा फंड फॉर लोकल इनिशिएटिव्ह्ज’, ऑस्ट्रेलियाचा ‘डायरेक्ट एड प्रोग्राम’ असे लहान अनुदानांचे मार्ग विकसनशील देशांतल्या दूतावासांतून चालतात. अर्ज ठरावीक काळातच घेतात, तो काळ त्यांच्या पानावर असतो. परदेशी पैसा घेण्याचे तुमच्या देशातले नियम आधी वकिलाला विचारा, त्यात ढिलाई नको. नियम आडवे येत असतील तर पैसा घेऊच नका. हॉल, ध्वनियंत्रणा, छपाई, अनुवाद हे दूतावासाने स्वतः करून द्यावं असं सुचवा.

नंतर

आठवड्याच्या आत आभाराचं पत्र, आणि त्यासोबत दोन पानी अहवाल: किती लोक आले, पोलीस कसे वागले, कुणाला त्रास झाला, तुमच्या येण्याने नेमकं काय सोपं झालं. हा अहवाल अधिकारी आपल्या राजधानीला पाठवतो आणि पुढच्या वर्षीचा होकार बहुधा त्यावरच मिळतो. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा लैंगिक कल आणि लिंगभाव ओळखीवरचा स्वतंत्र तज्ज्ञ आहे, मानवी हक्क परिषदेने २०१६ मध्ये हे पद निर्माण केलं. मारहाण किंवा अटक झाली असेल तर तक्रार तिथेही पाठवता येते, आणि दूतावासाला त्याची प्रत द्या.

समितीकडे प्रत्येक दूतावासाची आणि कलाकाराची एक फाइल असू द्या. कुणाशी बोललो, काय मागितलं, काय मिळालं, कशाला नकार आला आणि कोणत्या शब्दांत, मानधन कधी दिलं. आपल्याकडची मुलंही दमतात, शहर सोडतात, त्यामुळे ही फाइल कुणा एकाच्या फोनमध्ये असून चालत नाही. छापील प्रत एका विश्वासू वकिलाकडे ठेवा, त्यात समुदायातल्या कुणाचंही ओळखपत्रावरचं नाव नसावं. दूतावासांत बदल्या बहुतेक जून ते ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या उन्हाळ्यात होतात. नवा अधिकारी रुजू झाला की सप्टेंबरातच त्याची भेट घ्या, जुन्याने काय काय केलं ते दाखवा, आणि पुढच्या प्राइडची तारीख तिथेच त्याच्या डायरीत लिहून घ्यायला लावा.